घड्याळ एक, सूर्य दोन: मुंबई ते कोलकाता

शनिवार

गीतांजली एक्स्प्रेस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून सकाळी ६ वाजता सुटते, पण डिसेंबरच्या मध्यात मुंबईत त्या वेळेला सकाळ म्हणावे असे काही नसते. सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. दादर, ठाणे, कल्याण ही ओळखीची स्थानके दिव्यांच्या उजेडातच मागे पडली आणि ऊन दिसले ते आसनगावच्या आसपास. आम्हा उभयतांना या प्रवासात पाहायचे होते ते हेच. मुंबई आणि कोलकाता यांच्या रेखांशांत सुमारे साडेपंधरा अंशांचे अंतर आहे आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. म्हणजे दोन शहरांच्या सूर्यांत बासष्ट मिनिटांचा फरक पडतो. जगात अन्यत्र इतक्या अंतरावर बहुधा मनगटावरचे घड्याळ बदलावे लागते. आपल्याकडे लागत नाही, आणि पावणेतीन तासांत विमानाने पोहोचणाऱ्याला हा फरक जाणवला तरी तो कुठे आणि कसा पडत गेला हे कळत नाही. रेल्वेने जाणाऱ्याला तो खिडकीतून दिसतो.

ही गाडी निवडण्यामागे आणखी एक कारण होते. कोकणातून राजापूरचे खासदार म्हणून निवडून गेलेले मधू दंडवते रेल्वेमंत्री असताना, २६ डिसेंबर १९७७ रोजी, ही गाडी सुरू झाली, आणि तिचे वैशिष्ट्य असे की तिला पहिला वर्गच नव्हता. लांब पल्ल्याची वेगवान गाडी सर्वसामान्यांसाठीही असू शकते, हे रेल्वेने यातून मान्य केले होते. मुंबईच्या समाजवाद्याने बंगालच्या कवीच्या ग्रंथाचे नाव मिरवणारी गाडी सोडावी, यात त्या पिढीची एक चांगली खूण आहे. आज गाडीला वातानुकूलित डबे आहेत आणि आमचे आरक्षणही त्यांतलेच होते. दंडवत्यांना ते फारसे रुचले नसते.

कसाऱ्याचा घाट, इगतपुरीचा वडा, नाशिक, मनमाड, जळगावच्या केळीच्या बागा, दुपारी भुसावळ, मग अकोला आणि बडनेरा. हा मार्ग मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. सांगण्यासारखी गोष्ट वर्ध्याजवळ घडली. साडेपाचच्या सुमारास कापसाच्या शेतांमागे सूर्य बुडाला, आणि त्याच वेळी मुंबईला मुलीला फोन केला तर आमच्या घराच्या गॅलरीत अजून ऊन होते. आसनगावला सूर्योदय आणि वर्ध्याला सूर्यास्त, असा आमचा त्या दिवशीचा दिवस मुंबईकरांच्या दिवसापेक्षा सुमारे पंचवीस मिनिटांनी आखूड झाला होता. पूर्वेकडे जाणाऱ्याचा दिवस असा रोज थोडा थोडा कापला जातो. घड्याळ मात्र त्याची नोंद करत नाही.

नागपूर सोडल्यावर डब्यातले दिवे मंद झाले. इथून पुढे हा मार्ग पूर्वी बंगाल-नागपूर रेल्वेचा होता, आणि आपली आजची प्रमाणवेळ येण्यामागे रेल्वेचा मोठा वाटा आहे, त्यामुळे तो इतिहास इथेच सांगणे योग्य. एकोणिसाव्या शतकात प्रत्येक मोठ्या शहराची स्वतःची वेळ होती, ती त्या शहराच्या सूर्यावरून ठरत असे. मुंबईची वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे, तर कलकत्त्याची ५ तास ५३ मिनिटे आणि २० सेकंद पुढे. रेल्वेला मात्र शहरागणिक वेगळा सूर्य परवडणारा नव्हता. तिने मद्रासच्या वेधशाळेची वेळ स्वीकारली, कारण मद्रास या दोन शहरांच्या जवळजवळ मधोमध पडते. तिथली वेळ मुंबईच्या अर्धा तास पुढे आणि कलकत्त्याच्या साधारण बत्तीस मिनिटे मागे होती. मुंबईच्या प्रवाशाला त्यामुळे दोन घड्याळांचा हिशेब ठेवावा लागे: घरचे मुंबईचे, स्थानकाचे मद्रासचे. १ जानेवारी १९०६ पासून साऱ्या देशासाठी ग्रिनिचपेक्षा साडेपाच तास पुढची वेळ ठरवण्यात आली.

ही वेळ ज्या रेखांशाची आहे, तो ८२ अंश ३० मिनिटे पूर्व रेखांश शाळेत मिर्झापूरच्या नावाने शिकवतात. तीच रेषा दक्षिणेकडे उतरत छत्तीसगडमध्ये या रेल्वेमार्गाला छेदते, बिलासपूर ओलांडल्यावर अकलतरा आणि जांजगीर-नैला या स्थानकांच्या दरम्यान. मध्यरात्र उलटून गेली होती, आणि मोबाइलच्या नकाशावरचा निळा ठिपका त्या आकड्यावर येईपर्यंत मी दाराजवळ उभा राहिलो. बाहेर अंधाराखेरीज काही नव्हते आणि डब्यात सगळे झोपलेले होते. घड्याळ आणि सरासरी सूर्य यांचे जिथे एकमत होते, त्या पट्ट्यातून रोज हजारो माणसे घोरत जातात.

रविवार

राउरकेल्याच्या पुढे सव्वासहाच्या सुमारास उजाडले. आदल्या दिवशीच्या तुलनेत सूर्य पाऊण तास लवकर आला होता. टाटानगरला डबा निम्मा रिकामा झाला आणि बंगाली बोलणारी कुटुंबे चढली. खरगपूरचा प्रचंड लांबीचा फलाट बघता बघता मागे गेला आणि साडेबाराच्या सुमारास गाडी हावड्याला लागली. गंमत अशी की त्याच मिनिटांत मुंबईत सूर्य माथ्यावर येत होता. कोलकात्याची मध्यान्ह मात्र साडेअकरालाच होऊन गेली होती. हावड्याच्या पुलाच्या सावल्या पूर्वेकडे सरकू लागल्या होत्या आणि उन्हाला, जेवणाच्या वेळेआधीच, उतरत्या दुपारचा रंग आला होता.

हावडा स्थानकात ‘मोठे घड्याळ’ म्हणून ओळखले जाणारे दोन तोंडांचे घड्याळ आहे, आणि भेटायचे ठरवलेली माणसे वर्षानुवर्षे त्याच्याखाली उभी राहतात. मुंबईत माणसे इंडिकेटरखाली भेटतात. हा फरक मला अर्थपूर्ण वाटला, कारण मुंबईकराला वाजले किती यापेक्षा पुढची गाडी किती मिनिटांनी आहे हे महत्त्वाचे असते. त्याची वेळ म्हणजे ८.१७ची फास्ट किंवा ९.०४ची डबल फास्ट. हावड्यातले घड्याळ कुठल्याच गाडीचे नाही. त्याच्याखाली आमची वाट पाहणारे यजमान अर्धा तास आधीच आले होते, आणि तेवढ्या वेळात त्यांनी एका अनोळखी गृहस्थाशी बंगालच्या फुटबॉलवर सविस्तर चर्चाही केली होती.

स्थानकाखालून मेट्रो मिळते. हावडा मैदान ते एस्प्लनेड हा टप्पा मार्च २०२४ मध्ये सुरू झाला आणि हुगळीच्या तळाखालचा सुमारे ५२० मीटरचा बोगदा गाडी पाऊण मिनिटात पार करते. बोगद्यात निळे दिवे लावले आहेत, त्यावरून नदी आली आणि गेली हे ओळखायचे. एस्प्लनेडला गाडी बदलून आम्ही जतीन दास पार्कला उतरलो. ही दुसरी मार्गिका देशातली पहिली मेट्रो, १९८४ सालची. मुंबईला मेट्रो येण्यासाठी त्यानंतर तीस वर्षे लागली, हे मुंबईकराने इथे मुकाट्याने ऐकून घ्यावे लागते. हाजरा रोडवर महाराष्ट्र निवास आहे. त्या परिसरात मराठी माणसांचा राबता जुना आहे आणि आमचे यजमानही, बँकेच्या नोकरीमुळे आलेले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलेले, जवळच राहतात.

जेवण, थोडी विश्रांती आणि चहा होईपर्यंत चार वाजले आणि खिडकीतून पाहतो तर ऊन जवळजवळ संपले होते. पाच वाजायला पाच मिनिटे असताना सूर्य मावळला. साडेपाचला काळोख, रस्त्यावरचे दिवे लागलेले, तेलेभाजाच्या गाड्यांवर कढया तापलेल्या, आणि घरोघरी शंखांचे आवाज. मुंबईत त्या क्षणी रविवारची दुपार संपून लोक चौपाटीवर निघायच्या तयारीत असतील. शरीर फसते ते इथे: सहाला वाटते की आता जेवून झोपावे, आणि शहर तर नुकते बाहेर पडलेले असते.

त्या दिवशी संकष्टी होती आणि पत्नीचा उपवास. मराठी घरांना सूर्यापेक्षा चंद्राच्या स्थानिक वेळेचे भान अधिक असते, कारण चंद्रोदयाच्या तक्त्यात मुंबई, पुणे, नागपूर यांच्या वेगळ्या वेळा छापलेल्या असतात आणि नागपूरच्या बहिणीचा उपवास मुंबईच्या बहिणीआधी सुटतो, हे प्रत्येक घरात ठाऊक असते. मुंबईचा चंद्रोदय साडेआठच्या सुमारास होता, म्हणून आम्ही निवांत गप्पा मारत बसलो होतो. सव्वासात वाजून गेल्यावर यजमान गच्चीवरून खाली आले आणि म्हणाले, “वहिनी, मुंबईची वेळ धरून बसलात तर उगाच उपाशी राहाल. चला वर, चंद्र केव्हाचा आलाय.” पलीकडच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर तो खरोखरच हातभर वर आला होता. यजमानीणबाईंनी उकडीच्या मोदकांच्या सारणात नारळाबरोबर नोलेन गूळ, म्हणजे हिवाळ्यात निघणारा खजुरीचा नवा गूळ, घातला होता. तो धुरकट गोडवा मोदकाला इतका शोभतो की कोकणात हा प्रयोग आजवर का झाला नाही याचे नवल वाटले.

सोमवार

सहा वाजून दहा मिनिटांच्या सूर्योदयासाठी मल्लिक घाटावर गेलो. हावड्याच्या पुलाखालचा हा फुलबाजार त्या वेळेला ऐन भरात असतो. झेंडूच्या केशरी माळा डोक्यावर घेऊन हमाल धावतात, घाटाच्या पायऱ्यांवर माणसे तेल चोळून आंघोळ करतात आणि आखाड्यात दोन-चार पैलवान घुमत असतात. वर उभा असलेला पूल १९४३ साली खुला झाला. त्याचे सुमारे साडेसव्वीस हजार टन पोलाद नट-बोल्टशिवाय, केवळ रिव्हेटांनी जोडलेले आहे. दादरच्या फुलबाजारातही पहाटे अशीच झुंबड असते, पण ती अंधारातली असते. इथे सहाच्या आधीपासून उजेड आहे, आणि कोलकात्याची ही सकाळ मला त्या शहराच्या नावाने सांगितल्या जाणाऱ्या आळसाशी अजिबात जुळणारी वाटली नाही.

नंतर बी.बी.डी. बाग, म्हणजे जुना डलहौसी स्क्वेअर. साडेनऊ वाजता तिथे शांतता होती. रायटर्स बिल्डिंगच्या लाल दर्शनी भागासमोर झाडूवाले आणि चहावाले तेवढे होते. कार्यालयांची खरी वर्दळ दहानंतर, साडेदहाच्या सुमारास सुरू झाली. इथे मी वहीत एक हिशेब मांडला. मुंबईत फोर्टमधल्या एखाद्या कार्यालयात साडेनऊला हजेरी लावणारा माणूस, मुंबईच्या खऱ्या सूर्यानुसार, आठ वाजून एक्कावन्न मिनिटांनीच कामावर बसलेला असतो, कारण प्रमाणवेळ मुंबईच्या सूर्यापेक्षा एकोणचाळीस मिनिटे पुढे आहे. कोलकात्यात ती तेवीस मिनिटे मागे आहे, म्हणून इथला साडेदहाचा माणूस सूर्यानुसार दहा वाजून त्रेपन्न मिनिटांनी येतो. भिंतीवरचा फरक एका तासाचा, सूर्याचा दोन तासांचा. एका शहराला धावपळीचे आणि दुसऱ्याला संथपणाचे प्रशस्तिपत्र देताना त्यातला निम्मा भाग प्रमाणवेळेच्या खात्यावर टाकायला हरकत नाही.

टपाल कार्यालयाच्या १८६८ सालच्या घुमटाजवळ उभे राहिले की आणखी एक गोष्ट आठवते. ही वेळ या दोन्ही शहरांवर लादली गेली आणि दोघांनीही ती मुकाट्याने घेतली नाही. मुंबईचा स्वभाव याबाबतीत अधिक हट्टी निघाला. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजासाठी मद्रासची वेळ लागू करण्याचा प्रयत्न केला, तेव्हा शहराने इतका विरोध केला की तो हुकूम दोन वर्षांत गुंडाळावा लागला. १९०६ ची प्रमाणवेळ आली तेव्हा गिरणी कामगारांनी, एकाएकी चाळीस मिनिटे लवकर उठावे लागणार म्हणून, निषेध केला. बंगालच्या फाळणीमुळे सरकारवर आधीच राग होता, त्यात कर्झनने बदललेले घड्याळ हे आणखी एक निमित्त झाले. नगरपालिकेने आपल्या घड्याळांवर मुंबईची जुनी वेळच चालू ठेवली, ती स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे. म्हणजे चार दशकांहून अधिक काळ मुंबईच्या रस्त्यांवर स्थानकाची वेळ एक आणि पालिकेची वेळ दुसरी होती. कलकत्त्यानेही आपली वेळ १९४८ पर्यंत सोडली नाही, पण तिथे या प्रश्नावर मुंबईइतका आरडाओरडा झाल्याचे दिसत नाही. आज लोकलच्या मिनिटाला चिकटून जगणारे शहर एकेकाळी घड्याळाविरुद्ध सर्वांत जास्त भांडले, ही मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत गोड विसंगती वाटते.

दुपारी ट्राममधून निघालो. कलकत्त्यात घोड्यांची ट्राम १८७३ मध्ये आणि विजेची १९०२ मध्ये धावली. आता मोजकेच मार्ग उरले आहेत. मुंबईने आपली शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद केली आणि मागे वळून पाहिले नाही. ट्राम पायी चालणाऱ्यापेक्षा थोडी जलद जाते, रस्त्यात मध्येच उभ्या असलेल्या टेम्पोसाठी घंटा वाजवत थांबते, आणि उतारूंपैकी कुणीही घड्याळ पाहत नाही. वाटेत मोहल्ल्यातली दुकाने कुलूपबंद होती, कारण वस्त्यांमधले दुकानदार दीड ते साडेचारच्या दरम्यान जेवून वामकुक्षी घेतात. पुण्यावरचे सगळे विनोद कोलकात्यात जसेच्या तसे चालतील. फरक इतकाच की इथे दुकान पुन्हा उघडते तेव्हा दिवस मावळायला आलेला असतो, आणि खरेदीचा मुख्य काळ म्हणजे रात्र.

संध्याकाळ कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसमध्ये घालवली. जुन्या अल्बर्ट हॉलच्या उंच छताखाली सहाला एकही टेबल रिकामे नव्हते. वेटरांचे पांढरे फेटे, पंख्यांची घरघर, आणि एका कॉफीवर दीड तास बसलेले चौघे. बंगाली अड्ड्याबद्दल, म्हणजे निवांत गप्पांच्या बैठकीबद्दल, पुष्कळ काव्यात्म लिहिले गेले आहे. मला त्याचे एक साधे कारण दिसले. पाचला अंधार पडतो आणि रात्रीचे जेवण साडेनऊ-दहाला असते. मधले साडेचार तास ना दिवसाचे ना झोपेचे, आणि शहराने ते बोलण्यासाठी राखून ठेवले आहेत. मुंबईत सूर्य सहाला मावळतो, माणूस साडेसहाला कार्यालयातून निघतो, आठला विरार किंवा डोंबिवलीला पोहोचतो आणि जेवायला बसतो. त्याची संध्याकाळ डब्यातच संपते. मुंबईकर जे काही बोलतो ते लोकलच्या चौथ्या सीटवर अर्धे टेकून बोलतो, आणि तिथेही गट जमतात, भजने होतात, वाढदिवस साजरे होतात. बोलण्याची हौस सारखीच आहे. मोकळा वेळ कुठे सापडतो यात फरक आहे. यजमानांना हे पटले नाही. बंगाल्याला सूर्य आठला मावळला तरी तो अड्डा जमवेल, असे त्यांचे म्हणणे, आणि तीस वर्षांच्या अनुभवापुढे माझ्या दोन संध्याकाळींचे वजन ते किती!

मंगळवार

विमान दुपारी चारचे होते. सकाळी बागबाजारला गेलो, कारण मराठी माणसाने कोलकात्यात येऊन ती जागा न पाहणे बरे दिसत नाही. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सैन्य भास्करराम कोल्हटकरांच्या नेतृत्वाखाली बंगालमध्ये उतरले तेव्हा घाबरलेल्या कलकत्त्याने १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. तो पुरा झाला नाही आणि मराठे शहरापर्यंत आलेही नाहीत. पुढे खंदक बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड गेला. बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली अजून आहे. शनिवारी संध्याकाळी ज्या नागपुरातून आमची गाडी निघाली, तिथूनच ती घोडदळे निघाली होती, आणि बंगाली आया अजून अंगाईत मुलांना ‘बर्गी’, म्हणजे मराठी घोडेस्वार, आल्याचा धाक घालतात. गल्लीतल्या मिठाईवाल्याने आम्ही महाराष्ट्रातले असल्याचे कळल्यावर हसून दोन रसगुल्ले जास्त घातले. चौथाईची वसुली आता इतपत सौम्य झाली आहे.

विमानतळाच्या वाटेवर सॉल्ट लेक लागते. राष्ट्रीय पंचांग तयार करणारे खगोलशास्त्र केंद्र या भागात आहे. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, आणि तिचे गणित ना मुंबईचे ना कोलकात्याचे. ते त्याच ८२ अंश ३० मिनिटांच्या रेखांशावर, उज्जैनच्या अक्षांशाला कल्पिलेल्या एका ठिकाणाचे आहे. देशाला दोन वेळा असाव्यात ही मागणी मात्र अधूनमधून होतच असते. आसामच्या चहाच्या मळ्यांत तासभर पुढची ‘बागान वेळ’ पूर्वीपासून पाळतात. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये असा आराखडा मांडलाही: पूर्वेला साडेसहा तासांची वेळ, पश्चिमेला आहे तीच, आणि सीमा ८९ अंश ५२ मिनिटांवर, बंगाल-आसामच्या वेशीजवळ. कोलकाता ८८ अंशांच्या थोडे पुढे आहे. म्हणजे देशाची वेळ दुभंगली तरी हे शहर मुंबईच्याच बाजूला राहील, आणि जूनमध्ये इथे पाच वाजायच्या आत सूर्य उगवत राहील. आसामची गैरसोय खरी आहे आणि तिच्यावर उपाय हवा. पण कोलकात्याने आपल्या लवकरच्या संध्याकाळीभोवती जे जीवन रचले आहे ते पाहता, घड्याळ तासाने पुढे केले तर इथेच जास्त कुरकुर होईल, असा माझा अंदाज आहे.

विमान पश्चिमेकडे जात असल्याने सूर्यास्त लांबत गेला. कोलकात्यात तो पाचच्या आत होऊन गेला असताना आम्हाला तो साडेपाचच्या सुमारास दिसला, आणि क्षितिजावरची तांबूस पट्टी त्यानंतरही बराच वेळ सोबत राहिली. सातनंतर सांताक्रूझला उतरलो तेव्हा टॅक्सीची रांग मोठी होती. डिसेंबरात कोलकात्याला जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो: घाटावर सहाच्या आत पोहोचावे, वस्तुसंग्रहालय आणि बागा दुपारी तीनच्या आत उरकाव्यात, चारनंतर छायाचित्रांची आशा धरू नये आणि संकष्टी असेल तर चंद्रोदयाची वेळ मुंबईच्या तक्त्यात पाहू नये.